पंधरा महिन्यांचं वर्ष

ती ऑफिसात आली तेव्हा तिच्या खुर्चीवर एक परका माणूस बसला होता, आणि खुणांच्या चिठ्ठ्या खोचलेले तिचे सगळे वार्षिक अहवाल जमिनीवर उतरले होते.

"हे कुणी खाली ठेवले?"

"मी… प्लगपर्यंत हात पोचत नव्हता," तो चटकन उठला. केस पावसाने ओले, एका बुटाची नाडी सुटलेली. "क्रम मात्र मोडला नाही हं."

क्रम खरंच जसाच्या तसा होता. तिचा राग निम्म्यावर आला, पण चेहऱ्यावर तिने तो पुरताच ठेवला.

गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या त्या लहानशा कंपनीत शेअर बाजारातल्या कंपन्यांचे रेशो काढायचं काम सहा वर्षं तिचंच होतं. कर्ज किती, नफा किती, भांडवलावर परतावा किती, हे ती अहवालाच्या पोटात शिरून, बारीक अक्षरातल्या तळटिपा वाचून शोधायची. म्हणून सगळे तिला 'तळटीप'च म्हणत. आणि हा आला होता तेच काम करणारा एआय एजंट बसवायला! मालकीणबाईंची अट साफ होती: महिनाभर चालवून बघू, एक जरी आकडा चुकला तर यंत्रासकट परत जायचं.

विचारा काहीही, असं तो म्हणाला. तिनेही मुद्दाम अवघडच मागितलं. चाळीस कंपन्या, पाच वर्षं, प्रत्येक वर्षीचा भांडवलावरचा परतावा. मग ऐटीत चहाचा कप उचलला. कप ओठांना लागायच्या आत पडद्यावर दोनशे आकडे हजर, आणि प्रत्येकासमोर तो कुठल्या पानावरून काढला तेही लिहिलेलं. तिने तीन पानं उघडून पडताळली. तिन्ही बरोबर. तिचे तीन आठवडे गेले असते यात. खरं तर पोटावर पाय येत होता, भीतीच वाटायला हवी होती. पण आधी वाटलं ते नवल.

"कसं करतं हो हे?"

तो यंत्राकडे नाही, तिच्याकडे बघत होता. "मलाही रोज नवल वाटतं," म्हणाला.

मग काय, दोन खुर्च्या शेजारी आल्या. यंत्राला प्रश्न कसा विचारायचा ते तो शिकवी, तळटीप कशी वाचायची ते ती. आयुष्यात एकही अहवाल न वाचलेला तो गडी आता जेवणाच्या सुट्टीतही अहवाल चाळू लागला. तळटिपेला अखेर मजकूर मिळाला, असं बाकीचे कुजबुजत. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची… आणि दुसऱ्या दिवशी जरा लवकरच यायची.

महिना संपायला एक दिवस उरला. दुपारी ती यंत्राने परताव्यानुसार लावलेल्या यादीतली पहिली कंपनी सहज बघत होती. परतावा पंचवीस टक्के. अहवालात खाली तळटीप: कंपनीने हिशेबाचं वर्ष बदललं, म्हणून हे एक 'वर्ष' पंधरा महिन्यांचं. यंत्राने पंधरा महिन्यांचा नफा बारा महिन्यांचा धरला होता! खरा आकडा वीस. उद्या बाई हीच कंपनी लोकांना सुचवणार होत्या. बोललं तर हा जाणार, गप्प बसलं तर लोकांची बचत चुकीच्या आकड्यावर लागणार. खोटं कशाला सांगा, घटकाभर गप्प बसायचं तिच्या मनात आलं होतं.

तिने त्याला जिन्यात गाठून सांगितलं. तो खालच्या पायरीवर बसला.

"उद्या बाईंसमोर तुम्हीच विचारा यंत्राला."

"मग तुम्हाला जावं लागेल."

"हो. पण लपवून राहिलो, तर रोज तुमच्या शेजारी कोणत्या तोंडाने बसू?"

दुसऱ्या दिवशी बाई समोर बसल्या, तो तिच्या शेजारी. तिने टाइप केलं: हे वर्ष पंधरा महिन्यांचं आहे, पुन्हा काढ. पंचवीसचे वीस झाले. पण यंत्र तिथे थांबलंच नाही. त्याने आपणहून चाळीसही कंपन्या तपासल्या आणि अशी आणखी तीन वर्षं शोधली. मग ऑफिसातल्या जुन्या टिपणांत शिरलं. दोन वर्षांपूर्वी हाताने केलेल्या एका टिपणात नेमकी हीच चूक झाली होती. ती थक्क होऊन वाचत होती. टिपण करणाऱ्याचं नाव…

तेवढ्यात त्याचा तळहात पडद्यावर येऊन बसला.

"हात काढा," ती हळूच म्हणाली.

"नको."

"माझंच नाव आहे ना?"

तिने त्याची बोटं एकेक करून उचलली, दुसऱ्या हाताने पडदा बाईंकडे वळवला. "बाई, यंत्राची चूक मला सापडली. माझी दोन वर्षांपूर्वीची त्याला सापडली."

बाईंनी सगळं दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, की त्यांची अट सगळ्यांना लावली तर हे ऑफिस केव्हाच ओस पडलं असतं. "यंत्र राहू दे. तुम्ही दोघंही राहा, आणि एकमेकांवर लक्ष ठेवा." ते जुनं टिपण दिलेल्या गिऱ्हाइकाला फोन करायला त्या बाहेर गेल्या.

दार लागलं.

"हात का ठेवलात मध्ये?"

"यंत्र चुकलं तेव्हा माझी नोकरी जाईल एवढंच वाटलं होतं. तुमचं नाव दिसलं तेव्हा मात्र…" तो अडखळला. "प्रेम आहे माझं तुमच्यावर. नीट सांगायला हवं होतं, असं हात ठेवून नाही."

"बरं," ती म्हणाली, "मग आता काढून घ्या तो हात."

"कसा काढू? तुम्हीच धरलाय."

तिने खाली पाहिलं. खरंच की! बाईंशी बोलताना, बाई वाचत असताना, सगळा वेळ त्याची बोटं तिच्या मुठीत होती. ती कानापर्यंत लाल झाली, पण मूठ काही तिने सोडली नाही.