फक्त एक काना

कोर्टात टायपिस्ट म्हणून मला सव्वीस वर्षं झाली, आणि माझ्या कागदात काना-मात्रेचा फरक काढून दाखवणारा अजून जन्माला यायचाय. नवरा म्हणतो, तू स्वप्नंसुद्धा तपासून बघत असशील. म्हणू दे.

आमच्याकडे साक्षीदार बोलतो ते टाइप होत नाही. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश साहेब ऐकतात, गाळून-निवडून मला सांगतात, आणि ते सांगतात तेवढंच मी टाइप करते. एखादी बाई दहा मिनिटं रडत सांगते, आणि कागदावर उतरतं, 'मारहाण झाल्याचे साक्षीदार म्हणते.' पहिली दोन वर्षं मला वाईट वाटायचं, मग सवय झाली. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

त्या दिवशी अकराच्या सुमाराला शिवणताई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. शिवणकाम करून पोट भरणारी, म्हणून आम्ही तिला शिवणताई म्हणायचो. नवऱ्याने तिला दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून ढकललं होतं. मांडीचं हाड मोडलेलं, हातात काठी. भावाने तिला आसरा दिला होता, पण अट घालून: कोर्टाने तुझं खरं मानलं तर राहा, नाहीतर आपल्या घरी जा. म्हणजे त्याच नवऱ्याकडे, त्याच जिन्यावर.

आणि सगळी केस एका शब्दावर अडली होती. इस्पितळात पोलीस जमादाराने लिहून घेतलेल्या जबाबात होतं: 'भांडण झाले. जिन्यावरून पडले.'

नवऱ्याच्या वकिलाने ते ठसक्यात वाचलं. "पडले! ढकलले नाही, पाडले नाही. पडले. खाली सही तुमचीच ना?"

"सही माझी," शिवणताई म्हणाली. "शब्द त्यांचा. मी 'पाडलं' म्हणाले. ते म्हणाले, पडलं म्हणा बाई, घरातलं घरात मिटतं."

वकील हसले. साहेबांनी चष्मा पुसला आणि मला सांगितलं, "लिहा. जबाबात 'जिन्यावरून पडले' असे नमूद असून त्याखालील सही माझी आहे."

मी टाइप केलं. पडद्यावर उमटलं: 'जिन्यावरून पाडले'.

माझं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षांत पहिली चूक, तीही भर कोर्टात! मी काना खोडला. पुढची ओळ घेतली, वर पाहिलं, तर काना परत जागेवर. पुन्हा खोडला. पंखा घरघरत होता, कुणीतरी खोकत होतं, शिवणताईची काठी फरशीवर सरकत होती. सगळं रोजच्यासारखं होतं.

तिसऱ्यांदा खोडला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले.

कान्याची कळ आपली आपण खाली गेली. अगदी सावकाश, नवशिक्याने दाबावी तशी. 'पाडले'.

मी शिवणताईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिला काही ठाऊक नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

चौथ्यांदा खोडायला माझा हात उठला नाही. खोटं कशाला बोलू, मला उठवायचाच नव्हता. बास झालं, म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर जमादार पिंजऱ्यात आला. वकिलांनी मूळ जबाब त्याच्या हातात दिला. "मोठ्याने वाचा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"भांडण झाले," जमादाराने वाचलं. "जिन्यावरून पा..."

तो थांबला. कागद डोळ्यांजवळ नेला.

"वाचता येत नाही का?" वकील खेकसले. "स्वतःचं अक्षर!"

"पाडले," जमादार म्हणाला.

वकिलांनी कागद ओढून घेतला. मग आपल्या फायलीतली प्रत काढली. सकाळी वाचली तीच. तिच्यावर त्यांच्याच लाल पेनाची रेघ होती, आणि रेघेवर 'पाडले'.

साहेबांनी मूळ कागद मागवला. उजेडाकडे धरला.

"अक्षर कुणाचं?"

"माझं, साहेब."

"खाडाखोड?"

"नाही, साहेब."

"मग शब्द काय आहे?"

जमादाराने ओठ चाटले. "पाडले, साहेब."

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, सकाळचं पान वाचा."

मी वाचलं. पाडले.

"मी हेच सांगितलं होतं?"

नोकरीची चार वर्षं राहिली होती. पण जीभ माझ्या आधी बोलून गेली: "नाही, साहेब. ती बोलली ते उतरलंय."

साहेबांनी मूळ कागद टेबलावर ठेवला.

मग साहेब शिवणताईला म्हणाले, "पहिल्यापासून सांगा." आणि मला म्हणाले, "तिचे शब्द घ्या. जसेच्या तसे."

ती पाऊण तास बोलली. मी सतरा पानं टाइप केली. बोटं भरून आली, पण असा आनंद मला पहिल्या पगाराला झाला नव्हता. तीन आठवड्यांनी नवऱ्याला शिक्षा लागली. शिवणताई भर कोर्टात मोठ्याने हसली, आणि शिपायाने तिला गप्प केलं नाही. मी तर टेबलाखाली डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे रेकॉर्ड सांभाळणारे काका वर आले. काखेत जुना गठ्ठा होता, एकतीस वर्षांपूर्वी निकाली निघालेला. अपघात म्हणून.

"एवढं बघा," ते म्हणाले.

भाजलेल्या बाईचा मरणापूर्वीचा जबाब होता. ती त्याच रात्री गेली होती. पिवळ्या कागदावर, फिकट अक्षरात: 'स्वयंपाकघरात जाळले.'

"काल दुपारपर्यंत 'जळले' होतं," काका म्हणाले. "मी इतकी वर्षं बघतोय. असे अकरा गठ्ठे निघाले. अजून खोली भरून उघडायचेत."

"अहो, पण दुरुस्ती केली की जबाब देणाऱ्याची सही लागते शेजारी," मी म्हटलं. "नाहीतर ती ग्राह्य नाही."

काकांनी समासावर बोट ठेवलं. तिथे डाव्या अंगठ्याचा एक छोटासा ठसा होता.

त्यांनी बोट उचललं, तेव्हा त्याला शाई लागली होती.