बाराव्या धावपटूचा घोट

“पण पाणी गिळायचं नाही हं, थुंकायचं!”

कुणाची प्रेमकथा अशा वाक्याने सुरू होते? माझी झाली. मैदानाच्या नळावर मी बाटली भरत होते, आणि हा चष्मेवाला संशोधक धापा टाकत समोर उभा! त्याच्या प्रयोगातली एक धावपटू ऐन वेळी गळाली होती. “चार गुरुवार, तासभर पळाल का? बाराव्या माणसावाचून प्रबंध अडलाय...”

ट्रेडमिलवर धावायचं, मधूनमधून त्याने दिलेला घोट दहा सेकंद तोंडात खळखळवायचा आणि थुंकायचा. कधी त्यात साखरेच्या जातीचं, पण गोड न लागणारं काहीतरी, कधी नुसतं पाणी. चवीवरून कळायचं नाही. पोटात काही जात नाही, तरी मेंदूला साखरेची चाहूल लागते आणि पाय जोरात पडतात म्हणे.

“म्हणजे मेंदूला चक्क गंडवायचं?”

“गंडवायचं नाही... आशा दाखवायची,” तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

चौथ्या गुरुवारी, शेवटच्या घोटाला, तो घड्याळ सोडून माझ्याकडेच बघत राहिला. दहा सेकंद झाले, पंधरा झाले... “अहो, घड्याळ!” म्हणायला गेले — आणि घोट सरळ पोटात! त्याला पत्ताच नाही. वर त्या तासाभरातलं माझं अंतर सगळ्यांत जास्त. स्वारी खूश.

“मूग गिळून का बसलीयेस?” घरी आईने विचारलं.

“मूग नाही गं, पाणी.”

सांगितलं तर त्याची मेहनत वाया, आणि तो माझं तोंडही बघणार नाही. नाही सांगितलं तर त्याच्या प्रबंधात खोटा आकडा, तोही माझा. आणि मला तो फार आवडायला लागला होता.

सकाळी प्रयोगशाळेत जाऊन एका दमात म्हणाले, “मी गिळलं.”

त्याने नोंदवही पुढे ओढली. मग पेन उचलून माझ्या आकड्यांवर आडवी रेघ मारली. माझे डोळे भरून आले.

“दुसरा बारावा शोधीन,” तो म्हणाला. “पण एक बरं झालं. प्रबंध सादर होईपर्यंत प्रयोगातल्या माणसाला बाहेर भेटायचं नाही, असा नियम आहे. अजून आठ महिने कसे काढणार होतो, देव जाणे!”

“मग... आता?”

“आता तुम्ही प्रयोगात नाही. उद्या सकाळी तुमच्याबरोबर पळायला येऊ? फक्त... दोन किलोमीटरच्या वर माझा दम टिकत नाही.”

“या,” मी डोळे पुसत म्हटलं. “मी हळू पळेन.”