शनिवारचा बिघाड

रूपलला शिंक आली नसती तर ही गोष्ट घडलीच नसती. पण नंदुरबारात मिरचीचा हंगाम ऐन भरात असताना शिंक कुणाला चुकली आहे? मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर लालभडक मिरची पसरलेली, वारा नेमका रस्त्याकडे वळलेला... शनिवारी दुपारी काम आटपून निघालेली तिची रिक्षा त्या बाजूनं आली आणि रूपलनं लागोपाठ अशा काही शिंका दिल्या की हातातला मोबाईल उडाला, रस्त्यावर आपटला आणि मागून येणारी सायकल त्याच्यावरून खुशाल निघून गेली. सायकलवाल्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ती ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, तिच्या बरोबर खाली मोबाईल दुरुस्तीचं एक चिंचोळं दुकान होतं. जाता-येता तिनं ते कधी नीट पाहिलं नव्हतं. आज परत येऊन, फुटका फोन काउंटरवर ठेवून, लाल नाक ओढणीत लपवत ती म्हणाली, "भाऊ, हाऊ फोन दुरुस्त व्हई का?"

आतला तरुण मान वर न करता म्हणाला, "फोन व्हई जाई. पन भाऊ नका म्हनू. मंग पैसा लेवाले जड जास."

आणि मग त्यानं मान वर केली. मिरचीनं त्याचेही डोळे पाणावले होते. दोघं एकमेकांकडे रडवेल्या चेहऱ्यानं पाहत राहिले... आणि एकदमच हसले.

"दोन तास लागतीन," तो म्हणाला. त्याचं नाव गोवाल. सातपुड्यातला, धडगावकडचा. घरी पावरी बोली बोलायचा, अहिराणी इथं शहरात येऊन शिकला, आणि आता तीत चेष्टा करण्याइतका तयार झाला होता.

दोन तास! रूपल दुकानाबाहेर आली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. हात रिकामे होते. आणि मग लक्षात आलं — या घडीला आपण कुठं आहोत हे जगात कुणालाच ठाऊक नाही!

ही साधी गोष्ट नव्हती. रूपल खांडबाऱ्याच्या रतनलालशेठची मुलगी. कापडाचं जुनं दुकान, मूळ गाव राजस्थानात, नातेवाईक सुरतेपासून पालीपर्यंत पसरलेले. मुलीनं रोज पॅसेंजरनं नंदुरबारला जाऊन नोकरी करायची म्हटल्यावर सगळ्यांनी नाकं मुरडली होती. पप्पांनी मात्र हो म्हटलं, एका अटीवर. मोबाईलमध्ये घरच्यांचं एक अ‍ॅप टाकायचं, म्हणजे ती कुठं आहे ते सगळ्यांना नकाशावर दिसेल. ठिपका बंद, तर नोकरी बंद.

त्या नकाशावर नावं सगळ्या खानदानाची होती. हलणारा ठिपका मात्र एकट्या रूपलचा. भावांची म्हणे बॅटरी उतरायची! सुरतेची भूरीबुआ, पप्पांची बहीण, तर दुपारच्या मालिका सोडून हा ठिपकाच बघायची. गाडी सिग्नलला जरा थांबली की हिचा फोन आलाच — "छोरी, थारो टपको क्यूं कोनी हाले?" ठिपक्याला ती टपको म्हणायची. लॅबचा पत्ता बुआला इतका पाठ झाला होता की नंदुरबार कधी न पाहिलेली ही बाई रिक्षावाल्याला बोळ समजावून सांगू शकली असती.

आणि हीच रूपल लॅबमध्ये कुणाच्या साखरेचा आकडा त्याच्या सख्ख्या भावालासुद्धा सांगायची नाही. "ज्याचं रक्त, त्याचा रिपोर्ट," असं ठणकावायची. स्वतःचा रिपोर्ट मात्र रोज सुरतेला जात होता.

तर ते दोन तास ती नुसती चालली. गरम जिलबी उभ्या उभ्या खाल्ली, बोटं चाटली. एका दुकानाच्या काचेत स्वतःला पाहून उगीच हसली. परत आली तेव्हा फोन नवा दिसत होता, आणि सुरतेत बुआ ठिपका पाहून निश्चिंत होती. दुकान लॅबच्या बरोबर खाली. नकाशाला वरचा मजला काय अन् खालचा काय, सारखाच!

पुढच्या शनिवारीही लॅब दुपारीच बंद झाली आणि रूपल पुन्हा काउंटरवर हजर.

"आते काय बिघडनं?"

"बॅटरी... लवकर उतरी जास."

गोवालनं फोन पाहिला. बॅटरी ठणठणीत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग अगदी गंभीरपणे मान हलवली. "भलती खराब शे. दोन तास तरी लागतीन."

फोन ड्रॉवरमध्ये गेला, कुलूप लागलं, आणि रूपल बाजारात हरवून गेली.

त्यानंतर तो बिचारा फोन दर शनिवारी आजारी पडू लागला. कधी स्पीकर बसायचा, कधी चार्जिंगची पिन ढिली व्हायची. एकदा तर रूपलनं "आज त्याचा मूडच नही" इतकंच सांगितलं, आणि गोवालनं तेही तपासून पाहिलं. पण एक प्रश्न तिच्या मनात घोळत होता, आणि एका शनिवारी तिनं तो विचारलाच.

"तुम्ही कधी उघाडी देखं का?"

"लॉक शे."

"तुमले येस ना उघाडता?"

"उघाडता येस," तो म्हणाला. "म्हनीसन तं उघाडत नही."

हातातला स्क्रूड्रायव्हर फिरवत त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. तिच्या घरी सगळे तिच्यावर जीव टाकायचे, पण हे वाक्य तिला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. त्या दिवशी ती बाजारात गेलीच नाही. स्टुलावर बसून राहिली. ड्रॉवरमधला फोन आणि ती, दोघंही एकाच दुकानात... म्हणजे ठिपका त्या दिवशी अगदी खरं सांगत होता!

गोवालच्या स्वतःच्या खिशात मात्र बटणांचा जुना फोन. तिनं चिडवलं, "लोकस्ना इतला भारी फोन दुरुस्त करतस, आनि तुमनाकडे हाऊ डबा?"

"मन्ही मायले मन्हा फक्त आवाज पुरस." मग तो थांबून म्हणाला, "आमना गावमा रेंज नही. माय दर रविवारे टेकडीवर चढस, तव्हय बोलनं व्हस. मी कोठे शे हाई तिले माहित नही. पन मी कसा शे, हाई आवाजमाच समजी जास."

रूपलच्या मनात आलं, मी कुठं आहे हे माझ्या सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे. मी कशी आहे हे शेवटचं कुणी विचारलं होतं? तिला आठवेना, आणि आठवत नाही याचा रागही आला.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. मिरची संपली, उन्हाळा गेला, पाऊस गेला, पुन्हा पथाऱ्या लाल झाल्या. आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी, लॅबला घरी न सांगितलेली सुट्टी असताना, गोवाल म्हणाला, "सारंगखेडाले येशी? घोडा देखाले."

"आनि फोन?"

"तो आजारी शे ना... त्याले आराम लागस."

दत्ताच्या यात्रेतला तो घोडेबाजार! पांढरेशुभ्र, काळेभोर, कुणाच्या कपाळावर चांदवा, कुणाच्या पायात घुंगरू. हलगी वाजायला लागली आणि एक उमदा पांढरा घोडा मागच्या पायांवर उभा राहून नाचू लागला — इतका जवळ, की रूपलनं दचकून गोवालची बाही पकडली. घोडा खाली आला. हलगी थांबली. बाही मात्र सुटली नाही.

"घोडा गया," गोवाल हळूच म्हणाला.

"माले माहित शे," रूपल म्हणाली, आणि बाही तशीच धरून हसली.

तेवढ्यात गर्दीतून कुणाचा तरी कॅमेरा त्यांच्यावरून फिरून गेला. जत्रेत काय, हजार कॅमेरे. त्यांनी लक्षही दिलं नाही.

संध्याकाळी एसटीनं परतून गोवालनं शटर अर्धं वर केलं, ड्रॉवर उघडला, आणि आतला फोन थरथरत होता. पप्पा, आई, भाऊ, बुआ, पुन्हा बुआ. घरच्या ग्रुपवर एक रील फिरत होतं. कुणा फिरस्त्या व्हिडिओवाल्यानं टाकलेलं — नाचणारा घोडा, आणि शेजारी बाही धरून हसणारी रूपल. वर बदामांची रांग आणि अक्षरं, 'जत्रेतलं प्रेम'. हजारो लोकांनी पाहिलेलं. वर्षभर एका ठिपक्याला चकवलं, आणि कुण्या अनोळखी माणसानं तिला न विचारता ती सगळ्या जगाला वाटून टाकली होती!

रूपल स्टुलावर बसली. नोकरी गेली. शनिवार गेले. आणि हा...

खाली बुआचा संदेश होता. ती पुरती गोंधळली होती. टपका तर दिवसभर लॅबमध्येच होता, मग ही मुलगी कोण?

रूपलनं तो गोवालला समजावून सांगितला. तो काउंटरवरच्या एका स्क्रूकडे पाहत म्हणाला, "सांगी दे, ती तू नहीच. कोनी दुसरी शे. ठिपका साक्षी शे ना... बठ्ठा मानतीन. तुन्ही नोकरी वाची जाई."

किती सोपं होतं! एक ओळ लिहायची, की सगळं पूर्वीसारखं. रूपलनं फोन हातात घेतलासुद्धा. पण तो स्क्रूवरून नजर उचलत नव्हता, आणि त्याचा आवाज... त्याच्या आईनं टेकडीवर ऐकला असता तर ती धावत खाली आली असती.

"मी नही, आसं सांगसू," रूपल हळूहळू म्हणाली, "तं मंग तू बी नही. व्हय ना?"

त्यानं तो स्क्रू बोटानं बाजूला सारला.

"काबरं आपन नही? आपन शेत!" ती उठून उभी राहिली. इतक्या महिन्यांचा राग एकदम वर आला. त्या व्हिडिओवाल्याचा, ठिपक्याचा, आणि दर शनिवारी खोटं आजारपण शोधणाऱ्या स्वतःचाही. "ते रील काढाले लावूत. पन खोटं शे म्हनीसन नही. न इचारता लिधं म्हनीसन."

आणि तिनं ग्रुपवर लिहायला घेतलं. घरच्या बोलीत, कुणालाही दुसरा अर्थ काढता येणार नाही असं. रीलमधली मुलगी मीच आहे. फोन दिवसभर लॅबखालच्या दुकानात ठेवला होता, मुद्दाम. शेजारी आहे तो गोवाल, हे दुकान त्याचं. माझं त्याच्यावर प्रेम आहे. काय विचारायचं ते मला विचारा, नकाशाला विचारू नका.

पाठवलं. मग अ‍ॅप उघडलं आणि ठिपका बंद करून टाकला.

गोवाल तिच्या खांद्यावरून वाचत होता. पावरी आणि मारवाडीत अंतर फार, पण 'प्रेम' हा शब्द त्याला लागला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हाई... माले तं तू कधी सांगं नही!"

"आते सांगं ना. बठ्ठास्नासमोर."

"मन्ही बारी कव्हय येई मंग?"

"तुले कोनी आडायं?"

तो बोलायला गेला... आणि त्याला शिंक आली. रस्त्यावरून मिरचीची गाडी चालली होती. रूपलही शिंकली. दोघं पहिल्या दिवसासारखेच डोळे पुसत उभे राहिले, आणि त्या गोंधळातच त्यानं तिचा हात धरला आणि जे सांगायचं ते पावरीत सांगून टाकलं. तिला एक अक्षर कळलं नाही. आवाज मात्र पुरेपूर कळला.

ग्रुपवर वाचणाऱ्यांची नावं एकामागून एक वाढत होती. कुणी काही लिहीत नव्हतं. फक्त बुआनं न राहवून विचारलं, "टपको कठे गयो?"

मग पप्पांचं नाव वर आलं. एवढंच लिहिलं होतं — "मैं आ रियो हूं."

"भीती वाटस?" गोवालनं विचारलं.

"वाटस," रूपल म्हणाली. "पन लपीलपीसन कटाळी गयी मी."

तिनं अर्धं शटर दोन्ही हातांनी धरलं आणि धडाड् करून पूर्ण वर ढकललं. दुकानातला उजेड रस्त्यावर पसरला. मग स्टूल बाहेरच्या पायरीजवळ ओढून, येणाऱ्याला पहिल्यांदा आपणच दिसू अशा बेतानं ती बसली, आणि पप्पांना उत्तर लिहिलं —

"पधारो पप्पा. ठिकाणो तो थांने याद ही है."