परवानगीची जागा

बंद पडलेल्या लिफ्टमध्ये आमची ओळख झाली.

"कुठल्या टीममध्ये तुम्ही?" त्यानं विचारलं.

"प्रोसेसरच्या टेस्ट लिहिते. एका प्रोग्रामनं दुसऱ्याच्या मेमरीत हात घातला, की प्रोसेसरनं अडवलं पाहिजे. अडवतो की नाही, ते बघते."

"म्हणजे माझी कुलपं फोडणाऱ्या त्या तुम्हीच! ते डिझाइन माझं."

"फोडत नाही, तपासते."

"बरं, फौजदारबाई... चहा?"

"नाही."

आई म्हणते, मी बोलायला लागले तीच 'नाही' म्हणत.

पावसाळाभर तो विचारत राहिला – कॅन्टीनच्या दारात, ओल्या छत्र्यांच्या स्टँडपाशी. 'तुम्ही'चं 'तू' झालं. माझं 'नाही' तसंच राहिलं. मग त्यानं विचारणं सोडलं. आता नुसता हसून बाजूला व्हायचा... आणि तेच मला सलायचं. त्यातच कळलं, त्यानं दुसऱ्या शहरात नोकरी धरलीय.

शेवटच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. बाहेर संततधार. माझ्या स्क्रीनवर सगळ्या टेस्ट पास. डिझाइन कारखान्यात जायला तयार.

"चोर अडवले?"

"एकूण एक."

"आणि घरच्या माणसाला आत सोडतं ना?" त्यानं सहज विचारलं.

ती टेस्ट मी लिहिलीच नव्हती! त्याच्यादेखत लिहिली. त्यानं या डिझाइनमध्ये नव्यानं घातलेल्या सुरक्षित मोडमध्ये प्रोग्रामला स्वतःचीच मेमरी वाचायला लावली – अडवलं. पुन्हा लावली – अडवलं. प्रोसेसर सरसकट सगळ्यांनाच अडवत होता. म्हणून तर माझ्या टेस्ट पास होत होत्या.

"चूक माझी," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हळूच, "वाण नाही पण गुण लागला, फौजदारबाई."

मला हसू आलं नाही.

मॅनेजरना सांगितलं. काम थांबलं. संध्याकाळपर्यंत त्यानं डिझाइन दुरुस्त केलं, मी टेस्ट पुन्हा चालवली. प्रोग्रामनं आपली मेमरी निमूट वाचली. त्यानं बॅग उचलली.

लिफ्टपाशी मी त्याला गाठलं. "चहा... घ्यायचा?"

तो थबकला. घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे, खूप वेळ.

"नाही गं. गाडी चुकेल."

किती साधा शब्द. किती लागतो!

दार सरकायला लागलं. तो घाईनं म्हणाला, "पण परत विचार हं... मी सोडलं, तसं सोडू नकोस."

लिफ्ट गेली. मी खिडकीशी आले. खाली पावसात छत्र्याच छत्र्या, सगळ्या काळ्या – त्यातली त्याची कुठली, ते शेवटपर्यंत कळलं नाही.