शेजारच्या दाराची काच

काकूंच्या जुन्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारच्या दाराची काच खाली करायला दोन माणसं लागत. एकाने बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी दाराच्या आतल्या बाजूला, हँडलच्या जरा खाली, मुठीने थाप मारायची. थाप नेमक्या जागी बसली की दाराच्या पोटातली अडकलेली मोटर कुरकुरत जागी व्हायची आणि काच खाली जायची. बटण काकूंचं, थाप काकांची. काकांना गाडी चालवणं जन्मात जमलं नाही, पण या थापेचा त्यांना कोण अभिमान. "याला हातात कसब लागतं," असं ते दर वेळी ऐकवायचे.

मोटर बदलून घेऊ या, असं काकूंनी किती वेळा म्हटलं असेल. "चालतेय ना? मग कशाला खोलायची?" हे काकांचं ठरलेलं उत्तर. गळका नळ, करकरणारं कपाट, स्वतःच्या छातीतली घरघर, सगळ्यांना तेच एक उत्तर पुरायचं. काकू तोंड वाकडं करून सोडून देत. खरं सांगायचं तर त्यांनाही ती थाप आवडायची. तेवढीच दोघांनी मिळून करायची एक गोष्ट.

काका गेले ते याच गाडीत. दुपारी जेवून उठले आणि एकदम दम लागला. काकूंनी त्यांना शेजारी बसवून गाडी हॉस्पिटलकडे पिटाळली, पण पुलाच्या चढावर गाड्यांची रांग लागलेली. काकूंच्या बाजूची काच उघडीच होती, तरी काकांनी आपल्या बाजूच्या काचेकडे बोट केलं. काकूंनी बटण दाबलं. काकांनी मूठ उचलली. ती दारापर्यंत पोचलीच नाही, मांडीवर पडली. मग काकूंनीच आडवं वाकून थापा मारल्या, पण त्यांना जागा सापडेना. इतकी वर्षं नुसतं बटण दाबलेलं. थाप नेमकी कुठे बसते ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. रांग हलली तेव्हा काका काचेकडे तोंड करून शांत बसले होते.

डॉक्टरांनी काकूंना समोर बसवून समजावलं की हृदयच थांबलं होतं, खिडकी उघडली असती तरी काही फरक पडला नसता. काकूंची सारी नोकरी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासण्यात गेली होती. दिसतं ते दिसतं, नाही ते नाही, असा त्यांचा रोखठोक हिशेब. डॉक्टरांचं म्हणणं त्यांना पटलं. जिवाला मात्र ते काही केल्या पटेना.

पुन्हा गाडी चालवायला लागल्यावर एकदा त्या पुलाच्या चढावर त्यांचं बोट सवयीने बटणावर गेलं. शेजारच्या दारावर थाप पडली आणि काच खाली गेली.

खड्ड्यात चाक गेलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पुढच्या वेळी गाडी रांगेत उभी होती, चाक जागचं हललं नव्हतं, तरी थाप पडली. नेमक्या जागी. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम बटण दाबलं आणि कान देऊन ऐकलं. थाप जराशी उशिरा आली, हात उचलायला कष्ट पडावेत तशी.

भीती त्यांना वाटली नाही. आधी तर इतका आनंद झाला की त्या घरी येऊन एकट्याच हसल्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र तो उशीर आठवला आणि त्या उठून बसल्या. या माणसाने आयुष्यभर थापा मारल्या, आता गेल्यावरही आपण त्याला मूठ उचलायला लावतोय. मोटर चांगली असती तर त्याला कसलीच धडपड करावी लागली नसती, तेव्हाही आणि आताही. सकाळी त्या गाडी घेऊन वायरिंगवाल्याकडे गेल्या.

वायरिंगवाला ओळखीचा, बोलघेवडा माणूस. गाणं गुणगुणत त्याने दाराचं आतलं पॅनेल काढलं, भिंतीला टेकवून ठेवलं, मोटर बाहेर काढली आणि गाणं थांबवून तिच्याकडे बघत राहिला. ही मोटर केव्हाच संपलीय, म्हणाला. गिअरचे दात झडलेत, प्लग गंजून गळून पडलाय.

"काल काच खाली गेली होती," काकू म्हणाल्या.

"काकू, हिला करंटच पोचत नाही. थाप सोडा, हातोडा मारला तरी ही हलायची नाही. तुमची दुसऱ्या दाराशी गल्लत होतेय."

तारेत करंट येतोय का ते बघायला त्याने काकूंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि तो टेस्टर धरून उघड्या दारापाशी उकिडवा बसला. सांगितल्यावर काकूंनी बटण दाबलं. टेस्टरचा दिवा लागला.

त्याच वेळी भिंतीला टेकवलेल्या पॅनेलवर थाप पडली.

वायरिंगवाल्याने मान वळवून पाहिलं. पॅनेल जागच्या जागी होतं. सरकलं असेल, असं काहीतरी तो पुटपुटला आणि उठून त्याने ते जमिनीवर आडवं ठेवलं. पुन्हा बटण दाबायला काही त्याने सांगितलं नाही. त्यानंतर गाणंही नाही की गप्पाही नाहीत. नवी मोटर बसवली, काच दोनदा खालीवर केली, तेही स्वतः आत बसून. काच लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली.

किल्ली देताना तो कितीतरी वेळ फडक्याला हात पुसत राहिला. "एक लक्षात ठेवा," शेवटी म्हणाला. "काच पूर्ण खाली गेली की बोट काढायचं. दाबून धरलं तर मोटर जळते."

परतताना दुपार होती. पुलाच्या चढावर रांग होती आणि काकूंना ती हवीच होती. गाडी थांबल्यावर त्यांनी बटण दाबलं.

काच सरसरत खाली गेली. थाप नाही, कुरकुर नाही. वारा मोकळा आत आला आणि शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा हलला. काकूंनी बोट काढलं.

"झालं हो," त्या म्हणाल्या. "आता तुम्हाला काही करायचं नाही." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या मोकळ्या रडल्या.

मग थाप आली.

हँडलच्या जरा खाली. नेमक्या जागी.

काकूंनी डोळे पुसून पाहिलं. काच पूर्ण खाली होती.

पुन्हा थाप.

"उघडीच आहे," त्या म्हणाल्या. "बघा ना. पूर्ण उघडी आहे."

थाप. या वेळी हलकी, दम संपलेल्या माणसाची.

काकूंनी बटण दाबलं. काचेला जायला जागा उरली नव्हती. नवी मोटर आतल्या आत गुरगुरली. त्यांनी आणखी जोरात दाबलं.

रांग पुढे सरकली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. दारातून जळका वास यायला लागला. काकूंनी बटणावरचं बोट उचललं नाही. थापांमधलं अंतर वाढत चाललं होतं, पण अजून त्या येत होत्या.