पुठ्ठ्यावरची सवत

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. मलकापुरात कापसाची दलाली करणारा माणूस आधी माल हातानं चाचपतो, मग तोंड उघडतो.

मुंबईहून मी दोन भिंगांची एक लाकडी पेटी आणली होती. तिच्यात बघायचे फोटो साध्या कॅमेऱ्यानंही निघतात. एक फोटो घ्यायचा, कॅमेरा अडीच इंच बाजूला सरकवायचा, दुसरा घ्यायचा. दोन्ही पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी चिकटवून पेटीत धरले, की माणूस मागच्या भिंतीपासून सुटून पुढं येतो. हात लावावासा वाटतो! फक्त मधल्या वेळात काही हलता कामा नये.

आणि हलायचा तो मेला टाक. पहिली बायको तानुबाई वारल्यावर मी रुखमाशी लग्न केलं. आमच्याकडे दुसरेपणाची बायको, वारलेल्या सवतीचा कोप होऊ नये म्हणून, तिची मूर्ती कोरलेला चांदीचा टाक गळ्यात घालते. नवं लुगडंसुद्धा आधी त्याला दाखवते, मग नेसते. रुखमाला सातवा महिना होता. श्वासासरशी टाक झुलायचा, फोटो बिघडायचा.

“काढ तो,” मी म्हणालो.

“तिले इचारल्याशिवाय?”

“मंग नागपूरच्या लाटसाहेबाचीबी परवानगी काढू काय?”

शेवटी टाक मीच तिच्या गळ्यातून काढला आणि खिशात टाकला. भर दुपारी अंगणातल्या पांढऱ्या भिंतीपुढं तिला खुर्चीवर बसवून दोन फोटो घेतले. या खेपेला पापणीसुद्धा हलली नाही.

स्टेशनजवळच्या गफ्फारभाईंनी फोटो धुऊन पुठ्ठ्यावर लावून दिले. मी सोबत नेलेल्या पेटीला त्यांनीच आधी डोळे लावले आणि लगेच काढले.

“अर्जुनराव, एकेक फोटो पाह्यला तं भाभी एकटी हाय. पेटीत पाह्यलं तं एकटी नाही.”

मी पेटी हिसकावून घेतली. रुखमाच्या मागे, भिंतीला लागून, बाईएवढी हवा दाट झाली होती. डोक्यावरचा पदर ओळखू येत होता. डावा डोळा मिटला, काही नाही. उजवा मिटला, काही नाही. दोन्ही उघडले की ती उभीच.

भिंगात खोट आहे, असं ठणकावून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ती खुर्चीच्या पाठीशी आली होती. फोटो तेच, पुठ्ठा तोच.

रुखमानं जेवण टाकलं. म्हणे, घास उचलला की तिच्या आधी कोणीतरी त्यावर वाकतं. पोटातलं पोर सकाळपासून हललं नव्हतं.

“मले टाक द्या. तुमच्या पाया पडते.”

“भिंगातच खोट हाय का ते पाह्याले एक फोटो अजून घ्यायचा हाय. मंग देतो.”

“लेकरू जाईन हो माह्यं!”

“गप बस,” मी ओरडलो. असल्या थोतांडापुढं मान तुकवायची, या विचारानंच माझ्या अंगाची लाहीलाही होत होती.

संध्याकाळी पेटी उजेडाकडं धरली. रुखमा भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखी सपाट झाली होती. ती दुसरी तिच्यापुढं बसली होती, भरीव, गोल.

पोटही तिलाच आलं होतं.

पेटी तिथंच टाकून मी धावलो. रुखमा ओसरीच्या कडेला पाठमोरी बसली होती.

“मान वाकव,” मी म्हणालो. खिशातून टाक काढला.

तिनं मान वाकवली. टाकाचा दोरा पुढून घेऊन मी मागे गाठ मारली. गाठ पक्की बसली. मान गार होती. बोटांना ओले केस लागले.

हातभर पुढून रुखमाचा आवाज आला.

“बांधा ना लवकर. मी कवाची मान वाकवून बसली हाय.”