शिवदास दर्शने, अत्तरवाले

वंशवेध यंत्राने निकाल दिला, तो नेमका ते बनवणाऱ्या बाईच्याच आईविरुद्ध! 'लक्ष्मीबाई येमूल, मूळ नागरिक नाहीत. संध्याकाळपर्यंत घर सोडावे.' आता यावर काय बोलणार, कपाळ! डॉ. पद्मजा येमूल प्रयोगशाळेतून निघाल्या आणि तडक आयुक्त दर्शने यांच्या दालनात जाऊन उभ्या राहिल्या.

गिरणपुरात पाणी पुरेना, म्हणून नियम झाला होता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या छापील नगरसूचीत ज्यांचा पूर्वज सापडेल, त्यांनीच शहरात राहायचं.

"यंत्र तुमचंच, डॉक्टर," आयुक्त म्हणाले. "सूचीतलं नाव, धंदा, पत्ता जुळवत ते पिढ्या जोडतं. तुमची पणजी सूचीत नाही."

"कशी असेल? सूचीवाले दुकानांच्या पाट्या वाचत फिरायचे. विड्या वळणाऱ्या बाईच्या दाराला पाटी असते का? मी यंत्र केलं ते लोकांची नाती शोधायला. माणसं हाकलायला नाही!"

"सूचीत आहे तो होता. नाही तो नव्हता. नियम म्हणजे नियम."

"असं? मग तुमचे पणजोबा कोण?"

"शिवदास दर्शने, अत्तरवाले, मधली पेठ!" आयुक्तांची छाती फुगली. "यंत्रानेच शोधून दिले. आमच्या घरात कुणाला ठाऊकही नव्हते."

पद्मजाबाईंना हसू आवरेना. त्यांनी पिशवीतून एक जुनं छापील पान काढलं. "कसे असतील ठाऊक! त्या काळी एकाची सूची दुसरा बिनदिक्कत चोरून छापायचा. चोर पकडायला प्रकाशक मुद्दाम एक खोटं नाव घालायचे. यंत्राला आपण नुसत्या नोंदी दिल्या, प्रस्तावना दिल्याच नाहीत. ही त्याच सूचीच्या पुढल्या वर्षीच्या आवृत्तीची प्रस्तावना, ऐका. 'आमचे काल्पनिक शिवदास दर्शने यंदा शेजाऱ्यांच्या सूचीतही राहावयास गेले. चोरांना अत्तर लखलाभ!'"

आयुक्तांचा चेहरा पार उतरला. "हे यंत्राला सांगू नका. तुमच्या पणजीचं नाव घालतो सूचीत, आत्ताच."

"खबरदार!" पद्मजाबाई कडाडल्या. "माझ्या पणजीला खोटी नोंद लागत नाही. ती होती!"

त्यांनी प्रस्तावनेचं पान दालनातल्या यंत्रापुढे धरलं. क्षणात पडद्यावर अक्षरं उमटली. 'आयुक्त दर्शने, मूळ नागरिक नाहीत. संध्याकाळपर्यंत घर सोडावे.'

आयुक्तांनी घाईघाईने पडदा हातांनी झाकला.

पद्मजाबाईंनी कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. "आता नियम रद्द केल्याचा आदेश लिहा, साहेब. सगळ्यांसाठी. संध्याकाळपर्यंत सही तुमचीच चालते."